अडकलेली पुंगळी

त्सेला-मेलिस गावच्या त्या गल्लीत कानस नाही असं घर शोधून सापडलं नसतं. कुणी नळ्या घासायचा, कुणी घोडे बसवायचा, कुणी मुठींवर खवले कोरायचा. पोरं शाळेतून आली की लोखंडाचा कीस झाडायची, म्हाताऱ्या खिडकीत बसून स्क्रू निवडायच्या. आणि या सगळ्यांच्या कष्टातून जे तयार व्हायचं ते जाकिटाच्या खिशात मावेल एवढं पिस्तूल, तळहाताएवढं, स्वस्त. खलाशी घ्यायचे, रात्रीचे पहारेकरी घ्यायचे, गावोगाव नमुने घेऊन हिंडणारे विक्रेते घ्यायचे. बड्या कारखान्यांचा माल आरशासारखा चकचकीत असायचा, गल्लीतला तसा नसायचा. पण दाबला की वाजायचा, आणि गल्लीला तेवढ्याचा अभिमान होता.

अल्बिन थोरवार्ट या गल्लीतला चांगला कारागीर होता. ओढ्याकडेच्या मागच्या खोलीत त्याचा आजा बसला, बाप बसला, आता तो बसायचा. उंच, किडकिडीत माणूस, सतत वाकून काम केल्यानं उभा राहिला तरी वाकलेलाच दिसायचा. त्याच्या मनात एकच सल होता. पिस्तूल त्यानं घडवायचं आणि त्यावर नाव मात्र व्यापाऱ्याचं ठोकलं जायचं. एक्क नावाच्या व्यापाऱ्याकडे त्याचा सगळा माल जाई, आणि तिथून तो एक्कच्या नावानं जगभर पसरे. म्हणून अल्बिननं एकदा हौसेनं मुठीसाठी स्वतःचा साचा करून घेतला होता. त्यात एकमेकांत गुंतलेली दोन अक्षरं, ए आणि टी. पण ती मूठ घालायची संधी क्वचितच यायची.

त्याची बायको हुल्डा स्प्रिंगा वळायची. तार गजावर गुंडाळायची, निळी होईस्तोवर तापवायची, तेलात विझवायची, आणि मग दोन्ही टोकं दगडावर घासून अशी सपाट करायची की स्प्रिंग टेबलावर उभी केली तर मेणबत्तीसारखी उभी राहावी. पाठीवर वेताची टोपली बांधून ती घरोघर माल पोचवायची. अर्ध्या गल्लीची पिस्तुलं तिच्या स्प्रिंगांवर चालायची. एखादा माणूस शब्दाचा पक्का असला तर लोक म्हणायचे, "हुल्डाची स्प्रिंग आहे तो."

त्या वर्षीच्या मे महिन्यात बर्लिनहून लेस्की नावाचा एक माणूस आला. सिनेमाच्या कंपनीत सामानसुमान जमवणं हे त्याचं काम. गरम होत असूनही गळ्याशी केसाळ कॉलर. त्याला बाईच्या हातात शोभेल असं लहान पिस्तूल हवं होतं, गोळी नसलेल्या नुसत्या दारूच्या काडतुसांवर धडाधड वाजणारं. तो गल्लीत चार दारं फिरला आणि चारही ठिकाणी त्याची टिंगल झाली. शेजारचा ओटमार तर त्याला म्हणाला, "नाटकवाल्यांनी लाकडाचं घ्यावं. तोंडानं ठो म्हणायला माणूस ठेवावा."

अल्बिन मात्र म्हणाला, "मी देतो. पण माझी एक अट आहे. मूठ नीट दिसली पाहिजे."

लेस्कीनं मुठीवरची अक्षरं पाहिली आणि उस्ताद कारागिराला म्हणतात तसं मायस्टर म्हणत हसला. "मायस्टर, हवी तर पडद्याएवढी दाखवू. पण मला सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जायचंय."

तो शनिवार होता. हुल्डा घरी नव्हती. बहीण बाळंत झाली म्हणून ती ओबरहोफला गेली होती आणि यायला अजून अवकाश होता. आणि अडचण नेमकी स्प्रिंगचीच होती. गोळी नसलेल्या काडतुसाचा धक्का अगदी लेचापेचा असतो. अल्बिननं नळीच्या तोंडाशी आतून बूच बसवून तो धक्का कोंडला, तरी वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, पुरता मागे ढकलला जाईना. त्याला नेहमीपेक्षा मऊ स्प्रिंग हवी होती. हुल्डानं ती एका सकाळी वळून दिली असती. अल्बिनला वळता येत नव्हती.

त्यानं भंगाराच्या डब्यातून एक जुनी, दमलेली स्प्रिंग काढली, पकडीनं तिची दोन वेटोळी तोडली आणि तशीच बसवली. तोडलेलं टोक घासून सपाट करायला हवं होतं. त्यानं केलं नाही. सरपणाच्या ढिगाकडे तोंड करून त्यानं पिस्तूल वाजवून पाहिलं. वाजलं, पुन्हा वाजलं, मग काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडताना स्लाइडमध्ये अडकली आणि घराच्या धुराड्यासारखी उभी राहिली. त्यानं ती काढली, तेल सोडलं, परत वाजवलं. आता नीट चाललं. तो स्वतःशीच म्हणाला, सिनेमाच तर आहे, पडद्यावर कोण कानस लावून बघणार आहे. सोमवारी त्यानं पिस्तूल पुसून, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून लेस्कीच्या हातात ठेवलं.

हुल्डा परतली तेव्हा तिनं बाळाचं नाव सांगायच्या आधी विचारलं, "पाहुण्याला पिस्तूल दिलंस म्हणे. स्प्रिंग कुठली घातलीस?"

"तुझीच. खणातल्या मऊतली एक होती."

"तिथं मऊ होती?"

"होती एक," अल्बिन म्हणाला आणि शेळीला पाला घालायला उठून गेला.

लेस्कीच्या कंपनीचं ते मूकचित्र सप्टेंबरात गावात आलं. रोडरबाई नावाच्या विधवेचं थिएटर होतं, पूर्वी तिथं नाचाचा हॉल होता. अल्बिननं आधीचे दोन आठवडे गुत्त्यात, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं, की मूठ बघा, मुठीवरची अक्षरं बघा. रविवारच्या दुपारच्या खेळाला अख्खी गल्ली लोटली. एक्क स्वतः बायकोला घेऊन आला. हुल्डानं लग्नातला काळा पोशाख घातला होता आणि ती पुढच्या रांगेत अल्बिनशेजारी ताठ बसली होती. शाळेतला पियानोवाला खाली बसून वाजवत होता.

चित्रातली नायिका एका ठगाच्या प्रेमात फसते आणि शेवटी जिन्यावर त्याला गाठते. हातमोजा काढते, पर्समधून पिस्तूल काढते. आणि पडदाभर तिचा हात दिसला, हातात मूठ, मुठीवर परातीएवढी ए आणि टी. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कुणीतरी मागून अल्बिनच्या खांद्यावर थाप मारली. हुल्डानं त्याचा हात धरला.

नायिकेनं गोळी झाडली. पियानोवाल्यानं खालचे सूर दणकन दाबले. तिनं परत चाप ओढला आणि काहीच झालं नाही. तिनं पिस्तुलाकडे पाहिलं. कॅमेऱ्यानंही पाहिलं. स्लाइड अर्ध्यावर, आणि त्यात पितळेची पुंगळी उभी, लख्ख, एखाद्या बोटासारखी. नायिकेचा चेहरा खरोखरच भेदरला होता. दिग्दर्शकाला तो इतका आवडला असावा की त्यानं प्रसंग तसाच ठेवला होता. पुढे पडद्यावर मजकुराची पाटी आली: "दैवानेही तिची साथ सोडली." ठग हसत हसत जिना उतरून निघून गेला.

दुसऱ्या गावात ही गोष्ट लोकांनी पाहिली आणि डोळे पुसले असतील. त्सेला-मेलिसात हॉल एकदम गप्प झाला. तिथं बसलेल्या प्रत्येकाला, अगदी शाळकरी पोरींनासुद्धा, ते काय झालंय हे कळलं होतं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी खुसकन हसलं, आणि हसू रांगांमधून पुढे येत येत अल्बिनच्या पाठीवर येऊन आदळलं. हुल्डानं धरलेला हात सोडला नाही.

बाहेर आल्यावर ओटमारनं त्याला गाठलं. आजूबाजूला चारपाच जण ऐकत उभे.

"स्लाइड पुरता मागं आला नाही," ओटमार म्हणाला. "काय झालं असेल? स्प्रिंग?"

हुल्डा दोन पावलांवर एक्कच्या बायकोशी बोलत होती. अल्बिननं तिच्याकडे पाहिलं नाही.

"स्प्रिंगच," तो म्हणाला.

शब्द खरा होता. पण गल्लीत कुणाच्या पिस्तुलात कुणाची स्प्रिंग असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओटमारनं हळूच हुल्डाकडे नजर टाकली आणि विषय बदलला. त्याच्या त्या भल्या वागण्यानं अल्बिनचं तोंड शिवलं गेलं.

घरी आल्यावर हुल्डानं पोशाख बदलला नाही. तशीच खणाशी गेली आणि आपल्या स्प्रिंगा एकेक करून काढायला लागली. दाबायची, सोडायची, उजेडात धरायची.

"तार खराब लागली असेल," ती म्हणाली. "मार्चमधली गुंडाळी जरा वेगळीच होती. मला तेव्हाच शंका आली होती."

"असेल," अल्बिन म्हणाला.

"का माझंच विझवणं चुकलं? हल्ली निळा रंग मला नीट कळत नाही. डोळे गेले का माझे?"

अल्बिननं खुंटीवर टोपी अडकवली. त्याला वाटलं, उद्या सांगू. उद्या आला तेव्हा हुल्डानं बनवलेला सगळा माल भट्टीत टाकून पुन्हा तापवायला घेतला होता.

चित्र गावातून हलेना. शेजारच्या गावांतले बंदूकवाले खास तो प्रसंग बघायला येऊ लागले. ते आधीचं सगळं बाहेर बिअर पीत उभे राहायचे आणि जिन्याचा प्रसंग आला की आत घुसायचे. अल्बिन रोडरबाईंकडे गेला.

"बाई, तेवढा तुकडा कापून टाकता येईल का?"

रोडरबाई तिकिटं मोजत होत्या. "मायस्टर, तुमच्या त्या पुंगळीमुळं यंदा माझं छप्पर गळायचं थांबेल. कापायचं काय म्हणता?"

"माझ्या बायकोला त्रास होतोय."

"मग पुढच्या वेळी तिला जरा बरी वळायला सांगा," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, आणि तेच अल्बिनला जास्त लागलं. त्यानं टोपी घातली आणि बाहेर पडला.

एक्कनं हुल्डाला सांगितलं, मागचा माल अजून पडून आहे, थोडं थांबू या. दुसऱ्यानं सांगितलं, आता आम्ही स्प्रिंगा शेजारच्या झूल गावाहून मागवतोय, मनात काही धरू नकोस. टोपली पाठीवर भरलेली जाई आणि भरलेलीच परत येई. गल्लीत एखाद्याचा बेत फसला की पोरं ओरडायला लागली, "हुल्डाची स्प्रिंग." तेच शब्द, फक्त आता त्यांचा अर्थ उलटला होता. हुल्डा ते ऐकून मान खाली घालायची. घरात ती पहाटेपासून तार वळत बसायची आणि संध्याकाळी वळलेलं सगळं भंगारात टाकायची. अल्बिन समोर बसून कानस चालवायचा. तिच्याकडे वर बघावं लागू नये म्हणून गरज नसलेली कामंही घासत बसायचा.

ऑक्टोबरात किर्मेसची जत्रा आली. तिकडे त्या दिवशी एक जण खोटा पाद्री बनतो, पिंपावर चढतो आणि वर्षभरात ज्याची ज्याची फजिती झाली त्याची पद्यातून हजेरी घेतो. कुणी रागवायचं नाही अशी रीत आहे. त्या वर्षीचा पाद्री आधी गावप्रमुखावर घसरला, मग बेकरीवाल्याच्या पळालेल्या डुकरावर, आणि मग हात वर करून म्हणाला:

"बर्लिनच्या बाईनं रोखलं पिस्तूल,
एकदा वाजलं, मग विझलेली चूल.
लोखंड नवऱ्याचं, बायकोची तार,
असल्या संसाराचा होईल कसा बार?"

हशा असा उसळला की बँडवाल्यांना वाटलं आपली पाळी आली आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. हुल्डा प्लमच्या केकच्या टेबलामागे उभी होती. तीही हसली, रीतीप्रमाणे. हसताना तिनं एप्रनचं टोक मुठीत आवळलं होतं. अल्बिनला ते दिसलं आणि त्याचे पाय आपोआप पुढे गेले. तो पिंपाजवळ जाऊन उभा राहिला आणि बँड थांबेपर्यंत तसाच उभा राहिला.

"ती स्प्रिंग हुल्डाची नव्हती," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून त्यानं परत म्हटलं. "भंगारातली होती. मी पकडीनं तोडून घातली. हुल्डा तेव्हा ओबरहोफला होती. चूक माझी आहे."

मग ओटमारनं आपला मग उंच धरला.

"ऐकलंत?" तो गहिवरून म्हणाला. "याला म्हणतात नवरा. बायकोवरचं बालंट स्वतःच्या अंगावर घेतोय. आपल्यापैकी कोण घेईल?"

"मी खरं सांगतोय," अल्बिन म्हणाला.

"अर्थात, अर्थात," पाद्री पिंपावरून म्हणाला. "थोरवार्ट आणि पकडीनं तोडलेली स्प्रिंग. माझी शेळी अंडी घालते." लोक हसले, पण आता त्या हसण्यात माया होती. बायका हुल्डाजवळ जाऊन तिचे दंड दाबू लागल्या. दोघातिघांनी अल्बिनला उचलून खांद्यावर घेतलं आणि मैदानाला एक फेरी मारली. तो वरून "सोडा, सोडा" म्हणत होता, आणि लोकांना तो त्याचा विनय वाटत होता. आयुष्यात त्याचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हुल्डानं क्लोस केले. बटाट्याचे उकडलेले गोळे, आत तळलेल्या पावाचे तुकडे घातलेले, जसे ती सणालाच करायची. वर भरपूर रस्सा वाढला. मग समोर बसली आणि म्हणाली,

"काल तू माझ्यासाठी खोटं बोललास. एवढ्या लोकांसमोर. मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, पण मला वाटायचं, तुला माझा राग आलाय. म्हणून तू माझ्याकडे बघत नाहीस."

अल्बिननं काटा खाली ठेवला.

"हुल्डा, मी काल खोटं बोललो नाही."

"जेव आधी."

"खोटं मी मे महिन्यात बोललो होतो. तू ओबरहोफहून आलीस त्या दिवशी. खणात मऊ स्प्रिंग नव्हतीच. मी जुनी तोडली. टोकही घासलं नाही. सरपणाजवळ वाजवून बघितलं तेव्हाही पुंगळी अडकली होती. मला माहीत होतं. तरी दिलं."

हुल्डानं वाढायचा चमचा खाली ठेवला. रश्श्यावर साय धरायला लागली.

"मी दीड महिना डोळे तपासतेय," ती म्हणाली. "शाळेच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तुला सांगितलं नाही, खर्च झाला म्हणून रागावशील. मार्चची सगळी तार मी फेकून दिली. चांगली तार होती ती?"

"चांगली होती."

"तू बघत होतास मी फेकताना."

"हो."

"काल तू सगळ्या गावाला सांगितलंस. गावाला सांगणं सोपं होतं का मला सांगण्यापेक्षा?"

उत्तर हो असं होतं. हुल्डा उठली, त्याच्यासमोरची थाळी उचलली, क्लोस परत पातेल्यात टाकले आणि म्हणाली, "तोंडच्या गोष्टीवर या गल्लीत कुणी विश्वास ठेवत नाही. काल बघितलंसच. ती स्प्रिंग आण."

ती स्प्रिंग बर्लिनमध्ये होती. अल्बिन त्याआधी बर्लिनला कधी गेला नव्हता. हुल्डानं त्याला डब्यात भाकरी आणि सॉसेज बांधून दिलं, आणि एका कागदात एक नवी मऊ स्प्रिंग, तिच्या हातची, त्या पिस्तुलाच्या मापाची. "ही त्यात घालून दे," ती म्हणाली. "निदान पुढच्या चित्रात तरी नीट वाजेल." एवढं बोलून ती आत गेली. दारात उभी राहिली नाही.

लेस्कीची वखार शहराबाहेर होती. राजमुकुट, टेलिफोन, पेंढा भरलेली कुत्री, मडमांच्या टोप्या, आणि एका फळीवर पिस्तुलं. अल्बिनला बघून लेस्कीला खराच आनंद झाला.

"अहो मायस्टर, तुमच्या पिस्तुलानं इथं नाव काढलंय. दोन विनोदी चित्रं झाली त्याची, तिसरं चालू आहे. चोर बँकेत घुसतो आणि हे अडकतं. कारकून जीव द्यायला जातो आणि हे अडकतं. लोक पोट धरून हसतात. दिग्दर्शक सांगून ठेवतात, ते ए-टी आणा म्हणून."

अल्बिननं पिस्तूल हातात घेतलं. मुठीवरची अक्षरं हाताळून हाताळून गुळगुळीत झाली होती.

"मला यातली स्प्रिंग हवी आहे," तो म्हणाला. "दुसरी आणलीय, चांगली. घालून देतो, मग कधीच अडकणार नाही."

लेस्कीचं हसू गेलं. "कधीच न अडकणारी माझ्याकडे फळीभर पडलीत. हे मला अडकायलाच हवंय."

"मग पिस्तूलच विकत परत घेतो."

"ते नाही विकायचं. तुम्हाला स्प्रिंगच हवी ना? खुशाल न्या. पण दुसरी तशीच करून घाला, अगदी अशीच. उद्या सकाळी चित्रीकरण आहे."

अल्बिननं खिशातली कागदाची पुडी चाचपली. त्याच्याजवळ स्प्रिंग एकच होती. लेस्कीच्या टेबलावर पकड पडलेली होती. त्यानं पिस्तूल उघडलं, आतली जुनी काढून रुमालात बांधली. मग कागदातली हुल्डाची स्प्रिंग काढली, टेबलावर ठेवली, आणि ती सरळ उभी राहिली. त्यानं पकड घेतली. दोन वेटोळी तोडली. टोक तसंच ओबडधोबड ठेवलं, आणि जास्त पक्कं अडकावं म्हणून पकडीनं जरासं बाहेर वाकवलं. लेस्कीनं अंगणात नेऊन वाजवून बघितलं. पुंगळी उभी राहिली.

"वा," लेस्की म्हणाला. "हात आहे तुमच्यात."

घरी परतल्यावर अल्बिननं टोपी काढायच्या आधी रुमाल हुल्डासमोर ठेवला आणि सांगितलं, "तुझी एक तोडावी लागली. त्याशिवाय देत नव्हता."

"माझी आहे असं त्याला सांगितलंस?"

"नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि शाल घेतली.

दोघं एक्ककडे गेले. तिथं नेहमीप्रमाणे माल द्यायला आलेले चारजण होते, ओटमारही होता. हुल्डानं टेबलावर आपली एक स्प्रिंग उभी केली आणि तिच्याशेजारी रुमालातली सोडली. ती लगेच आडवी पडली. एक्कनं डोळ्याला भिंग लावलं, पण त्याची गरज नव्हती. पकडीचे दात तारेवर उमटलेले होते आणि तोडलेल्या टोकाला, जिथं ते पोलादात रुतत होतं, तिथं झिजून चमक आली होती.

"ही त्या पिस्तुलातली?"

"मी बर्लिनला जाऊन काढून आणली," अल्बिन म्हणाला.

"म्हणजे किर्मेसला तू खरं बोलत होतास."

"हो."

"आणि आम्ही तुला खांद्यावर घेतलं," ओटमार म्हणाला. तो हसला नाही. त्यानं आपली पिशवी उचलली आणि बाहेर जाताना अल्बिनच्या अंगाला अंग लागू नये इतकं बाजूनं गेला.

एक्कनं हुल्डाची क्षमा मागितली. तिच्या टोपलीतला सगळा माल तिथल्या तिथं उतरवून घेतला. मग अल्बिनकडे वळला. "थोरवार्ट, तुझा माल मी घेईन. पण यापुढे प्रत्येक पिस्तूल मी आधी उघडून बघेन. समजून घे."

अल्बिननं मान हलवली. त्याच्या बापाचा माल एक्कच्या बापानं कधी उघडून बघितला नव्हता. गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं, आणि संध्याकाळपर्यंत उघडून बघण्याची गोष्टही सगळ्यांना माहीत झाली. काही महिने एक्क खरंच प्रत्येक पिस्तूल उघडायचा. काहीच सापडायचं नाही. तरी अल्बिन टेबलापलीकडे टोपी हातात धरून उभा असायचा आणि त्याचे कान लाल होत. पुढल्या हिवाळ्यात त्यानं पिस्तुलं करणं थांबवलं आणि गावातल्या टाइपरायटरच्या कारखान्यात अक्षरांच्या पट्ट्या जुळवायच्या कामाला लागला. मुठीचा साचा त्यानं भंगारवाल्याला दिला.

बर्लिनमधलं पिस्तूल मात्र चालूच राहिलं. रोडरबाईंच्या थिएटरात अधूनमधून एखादं विनोदी चित्र यायचं, त्यात कुणाचं तरी पिस्तूल अडकायचं आणि पडद्यावर ए आणि टी दिसायची. हॉल हसायचा. अल्बिन अशा चित्राला जायचा, एकटाच. मागच्या बाकावर बसायचा आणि दिवे लागायच्या आत बाहेर पडायचा. हुल्डानं एकदा विचारलं, कशाला जातोस. तो म्हणाला, माहीत नाही. मग बूट काढताना म्हणाला, त्यात आता तुझी स्प्रिंग आहे.

हुल्डानं त्याला घालवून दिलं नाही, आणि लगेच माफही केलं नाही. बरीच वर्षं ती त्याच्याशी गरजेपुरतं बोलायची. तिचं काम वाढलं. टाइपरायटरच्या कारखान्यालाही बारीक स्प्रिंगा लागत, त्याही ती वळू लागली. हात पुरेनात तेव्हा एका रविवारी तिनं टेबलाच्या आपल्या बाजूला दुसरा दगड मांडला आणि अल्बिनला बोलावलं. टोकं घासून सपाट करायचं काम त्याला दिलं. तेव्हापासून कारखान्यातून आला की तो रोज तिथं बसायचा. घासून झालेली प्रत्येक स्प्रिंग तो तिच्यापुढे ठेवायचा. हुल्डा ती उचलायची, खिडकीच्या उजेडात धरायची, टेबलावर उभी करून बघायची आणि उभी राहिली तर टोपलीत टाकायची. एखादी कलली तर त्याच्याकडे परत सरकवायची, आणि तो ती पुन्हा दगडावर धरायचा.